उरलेला गाल

“नाक कुठंय?” मी विचारलं.

दादा हसला. ते हसू मी लहानपणापासून ओळखते. समोरच्याला काही कळत नाही, हे समोरच्याला नीट कळावं म्हणून तो तसं हसायचा.

“आल्या आल्या तुला नाकच दिसलं, मथे?”

“दिसलं असतं तर विचारलं असतं का?”

पुण्याबाहेर कोंढव्याच्या रस्त्याला दादाची पत्र्याची शेड होती. तो तिला स्टुडिओ म्हणायचा. त्याच्याआधी तिथे कुणाच्या तरी म्हशी असायच्या, आणि खरं सांगायचं तर वास अजून गेला नव्हता. वैशाखाचं ऊन, वर तापलेला पत्रा. फलटणहून सकाळच्या एस.टी.नं मी आईला घेऊन आले होते. तिला एका खोक्यावर बसवलं होतं, ती पदरानं वारा घेत होती, आणि मी शेडच्या मधोमध उभी राहून तिच्याच डोक्याकडे बघत होते. म्हणजे दगडातल्या.

ओळखू आलं, कारण दगड ओळखीचा होता. बाकी ओळखण्यासारखं फारसं ठेवलं नव्हतं. अंबाडा गेला होता. कान गेले होते. डोळ्यांच्या जागी नुसती सावली पडल्यासारखं काहीतरी होतं. नाक म्हणजे मधमाशी चावून गेल्यावर जेवढं सुजतं तेवढं. डावा गाल घासून घासून असा गुळगुळीत केला होता की त्यावर शेडच्या खिडकीचा उजेड दिसत होता. उजवा गाल तेवढा अजून आमच्या आईचा होता. देवीच्या वणांनी भरलेला.

आईला देवी आल्या तेव्हा मी अंगावर पिणारी होते. माझ्यामुळेच आल्या. आधी मला झाल्या, आणि घरातले सगळे पोरीला वेगळी ठेव म्हणत असताना तिनं मला सोडलं नाही. लेकीच्या देवी आईनं अंगावर घेतल्या, असं आमच्या गल्लीत म्हणायचे. मी तेच ऐकत मोठी झाले. आम्ही दोघी वाचलो, पण दोघींच्या तोंडाची चाळण झाली. आईनं त्यानंतर जन्मात कधी फोटो काढू दिला नाही. लग्नात फोटोवाला आला की ही बाई स्वयंपाकघरात. वडिलांच्या शेजारी पाटावर बसलेला एक फोटो निघाला होता, त्यात तिनं ऐन वेळी मान फिरवली, तिथे नुसता पांढरा धूर दिसतो.

त्यामुळे घरात आईचं रूप म्हणून जे काही होतं ते एवढंच, हे दगडातलं डोकं. दादा मुंबईला आर्ट स्कूलमध्ये शिकत होता तेव्हा सुट्टीत येऊन त्यानं परसात बसून ते घडवलं. आमचे वडील सोनार, त्यांची नजर बारीक. त्यांनी सुद्धा ते झाल्यावर चष्मा काढून पुसला होता. एकेक वण दादानं छिन्नीच्या टोकानं टिपला होता, आणि तरी ते तोंड असं काही सुंदर झालं होतं की बघणारा गप्प व्हायचा. तेव्हा दादा साधा कारागीर होता, तत्त्वज्ञानी झाला नव्हता. ते डोकं आमच्या सोप्यात खिडकीशी असायचं. देवपूजा झाली की उरलेलं एक फूल मी रोज तिथे ठेवायचे. वण असलेल्या तोंडाचंही असं होऊ शकतं, हे मला त्या दगडानं शिकवलं होतं, आणि माझ्यासारखीला ते आरशानं शिकवलं नसतं.

आदल्या दिवाळीला दादा आला आणि जाताना ते डोकं गोणपाटात गुंडाळून घेऊन गेला. ‘जरा काम बाकी आहे,’ एवढंच म्हणाला. मला वाटलं, असेल एखादा टवका उडाला, बसवायचा असेल. महिने गेले. पत्राला उत्तर नाही. इकडे आईला धाप लागायला लागली, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जपा, हृदय थकलंय. मी शाळेत शिकवत होते. तेव्हा ठरवलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं आणि डोकं घरी आणायचं. आई म्हणाली, मीही येते. एवढ्या उन्हात कशाला, म्हटलं, तर ऐकेना. टांगेवाल्याला मी बाहेर थांबवून ठेवला होता. डोकं गुंडाळायला घरची गोधडी बरोबर आणली होती.

“हे काय केलंस तू?” मी म्हटलं.

उत्तर दादानं दिलं नाही. वेताच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते, त्यांनी दिलं. खादीचा झब्बा, चपला कोल्हापुरी, हातात पाइप. पाइप पेटलेला नव्हता, पण तो तोंडात गेल्याशिवाय त्यांना वाक्य सुचत नसे.

“हे टिपणीस,” दादा म्हणाला. “कलासमीक्षक. मुंबईच्या प्रदर्शनाचं सगळं तेच बघताहेत.”

“तुमच्या बंधूंनी जे केलंय ना, बाई,” टिपणीस म्हणाले, “ते या देशात कुणी केलेलं नाही. त्यांनी वगळलंय. रूप वगळलं, व्यक्ती वगळली, कथा वगळली. उरतो तो शुद्ध आकार.”

“साबणाची वडी वापरून संपत आली की असाच आकार उरतो,” मी म्हटलं. “आमच्या मोरीत आहे एक. पाठवून देऊ प्रदर्शनाला?”

आई खोक्यावरून खुदकन हसली. दादा लाल झाला. टिपणीस मात्र हसले नाहीत. त्यांनी पाइप तोंडातून काढला, माझ्याकडे बघितलं आणि परत घातला.

शुद्ध आकार! त्या वर्षांत दादाच्या तोंडात दुसरा शब्द नव्हता. शेडभर त्याचे शुद्ध आकार मांडले होते. एक लांबट भोपळा होता, त्याचं नाव ‘उड्डाण’. दोन भोपळे एकमेकांना टेकलेले, त्यांचं नाव ‘संवाद’. एका दगडाला मधोमध भोक होतं, त्याचं नाव ‘प्रश्न’. फलटणला आमच्याकडे आला की जेवताना पोळीचा तुकडा हातात धरून तो सांगायचा, जगात मुळात सगळं साधं आहे, माणसानं त्यावर नक्षी चढवून ठेवलीय, ती खरवडून काढायची. आई म्हणायची, “आधी भाजी संपव.” बाकी या साध्या माणसाला चहात साखर किती, दूध किती, आधी काय आणि नंतर काय, हे सगळं लागायचं बरोबर त्याच्या मनासारखं. साधेपणा नुसता दगडांना लावलेला.

“दादा, मी डोकं न्यायला आलेय,” मी म्हटलं. “जे केलंस ते केलंस. हा एक गाल राहिलाय, तेवढा तरी मला दे. बाहेर टांगा उभा आहे.”

“कसं देऊ?” दादा म्हणाला. “उद्या सकाळी मुंबईची गाडी येतेय सगळी शिल्पं न्यायला. आज हा गाल पुरा करायचाय.”

“पुरा करायचाय म्हणजे पुसायचाय.”

“ताई, तुम्ही भावनेनं बघताय,” टिपणीस उठून डोक्यापाशी आले. बाई होते ती आता ताई झाले. “हे बघा. इथे, डाव्या बाजूला, दगड श्वास घेतोय. आणि इथे, उजवीकडे, हे जे खड्डे आहेत, ते अपघाती आहेत. त्यांचा आकाराशी काही संबंध नाही. ती निव्वळ एक, काय म्हणू, एक विकृती आहे. ती गेली की—”

बोलता बोलता त्यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे त्यांचं लक्ष गेलं. पहिल्यांदाच नीट गेलं. मग खोक्यावर बसलेल्या आईकडे गेलं.

“बोला ना,” मी म्हटलं. “कशी आहे ती विकृती? दोन नमुने समोर आहेत, नीट बघून बोला.”

“तसं नव्हतं म्हणायचं मला.”

“तसंच होतं. तुमच्यासारखे चौघं मला बघून गेलेत, टिपणीस. पोहे खाल्ले, गाणं म्हणायला लावलं आणि पत्रानं कळवलं की पत्रिका जुळत नाही. त्यांनासुद्धा शुद्ध आकारच हवा होता. पण ते बिचारे निदान पाइप ओढत नव्हते.”

“मथुरा!” दादा ओरडला.

“ओरडू नकोस. आईला धाप लागते.”

टिपणीसांनी घड्याळ बघितलं. त्यांना एकाएकी कॅम्पात कुणाला तरी भेटायचं आठवलं. दारापर्यंत गेल्यावर त्यांना राहवलं नाही, तिथूनच दादाला म्हणाले, “दिगंबरराव, बाकीची सगळी शिल्पं चांगली आहेत, पण ती विचारानं केलेली आहेत. हे एकच झालेलं आहे. हे अर्धवट सोडलंत तर प्रदर्शनच नको.” आणि गेले. माझ्या टांगेवाल्याला त्यांनी विचारलंही, कॅम्पात येतोस का म्हणून. तो बापडा माझ्यासाठी थांबला होता, नाही म्हणाला, तेव्हा उन्हात पायी निघाले. मला बरं वाटलं.

आता आम्ही घरचेच तिघे राहिलो. दादानं बादलीतून घासायचा दगड काढला. कार्बोरंडम का काय म्हणतात तो, करड्या रंगाचा, विटेच्या तुकड्याएवढा, हात लावला तर कानशिलात झिणझिण्या याव्यात असा खरखरीत. तांब्यात पाणी घेतलं. माझ्याकडे न बघता तो डोक्याशी आला.

मी मध्ये उभी राहिले.

“सरक, मथे.”

“नाही सरकत.”

“हे माझं काम आहे.”

“हे तुझं काम असेल, आई माझी आहे. तुझी असती तर तुला तिचं नाक काढवलं नसतं. तुला काय लागतं रे? तू तिकडे मुंबईला, मग इथे. वर्षाकाठी दिवाळीला यायचं, आईच्या हातचं खायचं, भाषण द्यायचं आणि जायचं. तिनं माझ्यापायी तोंड घालवलं. मी ते रोज बघितलंय. माढ्याचे ते मास्तर मला वणांसकट करून घ्यायला तयार होते, ठाऊक आहे ना तुला? चांगला माणूस होता. मी नाही म्हटलं. जिनं माझ्यासाठी एवढं दिलं तिला वडील गेल्यावर म्हातारपणी एकटी टाकून जाऊ? आणि तू तिचं तेवढंच खरं जे काय होतं ते विटेनं घासून टाकतोयस, आणि का, तर त्या पाइपवाल्याला दगड श्वास घेताना दिसावा म्हणून!”

बोलता बोलता माझा आवाज फाटला. मला रडू आलेलं चालत नाही, म्हणून मी तोंड फिरवलं आणि त्या दगडाला दोन्ही हातांनी मिठीच मारली. उजवा गाल माझ्या गालाला लागला. गार होता. वण वणाला खरबरीत लागला.

“घास बघू आता,” मी म्हटलं. “मला धरून घास.”

दादा भांडेल, आकाराबद्दल काहीतरी बरळेल, अशी माझी खात्री होती आणि मी तयारीत होते. पण त्यानं आईकडे बघितलं. लहानपणी काहीतरी फोडलं की तो असाच आईकडे बघायचा, आता तूच काय ते सांग अशा नजरेनं.

“घास रे, दिगू,” आई म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“काय म्हणालीस?”

“त्याला घासू दे. मीच सांगितलंय त्याला. दिवाळीत, तू बाजारात गेली होतीस तेव्हा. म्हटलं, ते वण तेवढे घालव त्या दगडावरचे, आणि कुणाला सांगू नकोस, मथीला तर नकोच.”

मी दगड सोडला नाही. दादाकडे बघितलं. तो तांब्यातल्या पाण्यात बघत उभा होता.

“खरं?”

“हो,” तो म्हणाला.

“मग ते शुद्ध आकार आणि वगळणं आणि श्वास घेणं?”

“या डोक्याचं ते सगळं नंतर झालं.”

“मेल्या, पण मी वण म्हटलं होतं,” आई म्हणाली. “नाक कुठं म्हटलं होतं? मी तरी मघापासून बघतेय, पोरं भांडताहेत, आपण कसं विचारायचं.”

एवढ्या सगळ्यातही तिनं आम्हा दोघांना मिळून पोरं म्हटलं. दादा तांब्या खाली ठेवून तिच्यापुढे उकिडवा बसला आणि पहिल्यांदाच त्या दिवशी साध्या माणसासारखं बोलला.

“आई, दगडात भर घालता येत नाही. मातीचं असतं तर खड्ड्यात माती भरली असती, बोट फिरवलं असतं, झालं असतं. दगडातलं फक्त काढता येतं. वण घालवायचा तर त्याच्या भोवतीचा सगळा गाल वणाच्या तळापर्यंत खाली न्यायचा. गाल खाली गेला, तर नाक पोपटासारखं पुढं दिसायला लागलं. मग नाक उतरवलं. नाक उतरवलं तर डोळे खोबणीत गेले. मग कपाळ. मग कान उगाच चिकटवल्यासारखे दिसायला लागले. एकेकाला सांभाळत गेलो आणि सगळंच जात गेलं. मला थांबताच येईना. टिपणीस आले, म्हणाले, हेच ते, हे तुम्ही आयुष्यभर शोधत होता. मी गप्प बसलो. काय सांगणार होतो?”

“सांगायचं होतंस, आईनं वण काढायला सांगितले,” मी म्हटलं.

“कुणाला सांगू नको म्हणाली होती.”

धन्य तो मुलगा! एवढं एक वाक्य पोटात ठेवायचं म्हणून त्यानं मुंबईपासून पुण्यापर्यंत चार सभा गाजवल्या होत्या. मला त्याची कीव यायला हवी होती, पण मला तेव्हा त्याचा नुसता वीट आला. आणि त्याच्याहून जास्त वीट आईचा आला. ते मी लपवलं नाही.

“तुला नितळ व्हायचंय होय?” मी तिला म्हटलं. “या वयात? कुणाला दाखवायचंय तोंड? इतकी वर्षं मला सांगत आलीस की देवीचा हात फिरलाय, त्याची लाज कसली. मी विश्वास ठेवला. वर्गातल्या पोरी पाठीमागून चाळणी म्हणायच्या तरी मान वर करून चालले. आणि तुझ्या मनात हे होतं! निदान दगडात तरी गोरीगोमटी दिसावं म्हणून चोरून दादाला सांगतेस!”

“मथे, ये इकडे.”

“नाही येत.”

“बरं, तिथेच राहा. तिथून ऐक.”

धाप लागली होती तिला, पण पाणी नको म्हणाली.

“तुझ्या देवी मी अंगावर घेतल्या नाहीत. माझ्या तुला लागल्या.”

मी अजून दगडाला धरून होते.

“तुझ्या मामाचं लग्न होतं. सासूबाईंनी मला दिगूच्या बाळंतपणानंतर माहेरी पाठवलंच नव्हतं. या लग्नाला कशाबशा तयार झाल्या, दिगूला ठेवून जा म्हणाल्या. निघायच्या आदल्या दिवशी मला ताप भरला. पाठ नुसती तुटत होती. गावात देवीची साथ होती, मला का कळत नव्हतं? पण सांगितलं असतं तर गाडी जुंपली नसती. मी गार पाण्यानं तोंड धुतलं, कुंकू लावलं आणि तुला पदराखाली घेऊन गाडीत बसले. वाटभर तू पीत होतीस. हळदीच्या दिवशी माझ्या कपाळावर फोड उठले. हळदीत कुणाला दिसले नाहीत. मी अक्षता पडेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.”

“आई—” दादा म्हणाला.

“थांब रे. मग पडलेच. माझी आई तुला शेजारच्या घरी न्यायला निघाली, म्हणाली, पोर वाचव. मी दिली नाही. दूध दाटलं होतं, अंग फणफणत होतं, तू रडत होतीस. माझ्याच्यानं देववलं नाही. मला वाटलं, देवी आईलेकराला तोडायची नाही. पंधरवड्यानं तुला आल्या.”

शेडमध्ये पत्रा तापून कडकड वाजत होता. आईनं पदरानं गळा पुसला.

“तू वाचशील असं कुणाला वाटलं नव्हतं. बरी झाल्यावर माझी आई म्हणाली, ताप चोरून आलीस हे सासरी कळलं तर तुला घरात घेणार नाहीत. तुझे वडील न्यायला आले तेव्हा तिनंच त्यांना उलटं सांगितलं. पोरीला आधी आल्या, आईनं सोडली नाही, म्हणून तिलाही झाल्या. घरी आले तर सासूबाई दारात उभ्या. मला वाटलं, आता चार शब्द ऐकायचे. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. स्वतःच्या हातानं मला दूध दिलं. मग मी कसं सांगायचं, सांग? आज सांगू, उद्या सांगू, तोवर ते गल्लीभर झालं. तुला कळायला लागलं तेव्हा तूच ते शाळेत सांगून यायला लागलीस.”

मला तिला गप्प करायचं होतं.

“त्या माढ्याच्या मास्तरांना तू नाही म्हणालीस ना, त्या सकाळी मी तुला सगळं सांगायला निघाले होते. सोप्यात आले तर तू त्या दगडाशी फूल ठेवत होतीस. माझ्या वणांना फूल. मी परत आत गेले. त्यानंतर रोज तू तिथे फूल ठेवलंस आणि रोज मी ते बघितलं. मला नितळ व्हायचं नाही गं. मला माझं तोंड दगडात कसंही चाललं असतं. पण तू त्याची पूजा करतेस, आणि मी मेल्यावर जन्मभर करत बसशील, ते मला नको होतं. म्हणून म्हटलं, दिगू, एवढं पुसून टाक.”

“मग आज का सांगितलंस?” मी विचारलं.

“तू मिठी मारलीस त्याला.”

दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. तो म्हणाला, “मला हे ठाऊक नव्हतं, मथे. मी का म्हणून विचारलंच नाही तिला.” तू कधी विचारशील, असं माझ्या ओठावर आलं होतं. इतकी वर्षं शुद्ध काय आणि मूळ काय ते शोधत फिरला, आणि आई चोरून एवढं काही सांगते तर का म्हणून विचारावं, एवढं त्याला सुचलं नाही. पण मग मलाही ते कधी सुचलं नव्हतं, आणि मी तर तिच्याबरोबर एका घरात राहत होते.

मास्तरांचं तोंड मला आठवेना. ते बघायला आले होते तेव्हा त्यांनी सदऱ्याची बाही दुमडली होती, तेवढंच आठवलं. मला ओरडावंसं वाटत होतं. आईला धरून गदगदा हलवावं असं वाटत होतं, आणि तिला श्वास पुरत नव्हता हेही दिसत होतं.

मी दगड सोडला. मिठी मारून मारून दोन्ही हातांवर त्याची काळी भुकटी बसली होती. पदर खोचला, घड्याळ काढून खोक्यावर आईच्या शेजारी ठेवलं आणि दादाच्या हातातून घासायचा दगड काढून घेतला.

“मथे, राहू दे,” तो म्हणाला. “मी नाही करत. ने तू घरी, आहे तसं.”

“सरक.”

“अगं, त्याला पद्धत असते. गोल फिरवायचा, एका जागी—”

“मला शिकवू नकोस,” मी म्हटलं.

मी उजव्या गालावर तो दगड टेकवला आणि घासायला लागले. पहिल्यांदा नुसता कर्रकर्र आवाज आला, दातात खडा आल्यासारखा. वण काही हलेनात. मग मी अंगाचा भार टाकला. भुकटी उडून नाकातोंडात गेली, मला ठसका लागला. तेव्हा आई खोक्यावरून उठली. दादा तिला धरायला आला तर तिनं त्याचा हात झटकला, तांब्या उचलला आणि माझ्या शेजारी येऊन दगडावर पाण्याची धार धरली. काळं पाणी त्या गालावरून ओघळायला लागलं, माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. पाण्याखाली वण एकेक करून उथळ होत होते. आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत नव्हतो. दादा तिथेच मागे उभा राहिला, आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा त्याला आकाराबद्दल बोलायला काही सुचलं नाही.

“हळू गं,” आई म्हणाली. “हात सोलतील तुझे.”

“सोलू देत,” मी म्हटलं. “तू पाणी घाल.”